बंद ठेवलेली वाट : संगणकांच्या जाळ्यांतील वाहतुकीची वांटणी

मनमाडकडून परभणी स्थानकांत आलेल्या गाडीला सिकंदराबादेस जावयाचें असेल, तर तिच्यापुढें दोन मार्ग असतात. एक पूर्णा, नांदेड, निजामाबाद असा जाणारा. दुसरा गंगाखेड, परळी वैजनाथ, लातूर रोड, उदगीर, बीदर, विकाराबाद असा दक्षिणेकडून वळणारा. दोन्ही मार्ग अखेर एकाच ठिकाणीं पोंचतात. नकाशावर पाहिलें असतां परभणीपासून सिकंदराबादेपर्यंत एक मोठें कडें झालेलें दिसतें. निजामाच्या अमदानींत घातलेला मीटर मापाचा जुना रूळ जाऊन त्याच्या जागीं रुंद रूळ आल्यापासून तीच गाडी यांपैकीं कोणत्याहि वाटेनें नेतां येते. एका वाटेवर गाड्यांची दाटी झाली, पूल दुरुस्तीस काढला, कीं दुसरी वाट उपयोगी पडते. रेल्वेच्या माणसाला ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं तींत सांगण्यासारखें कांहीं आहे असें त्याला वाटणारहि नाहीं.

संगणकांच्या जाळ्यांत मात्र हीच साधी गोष्ट साधावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. एकाच कचेरींत, एकाच महाविद्यालयांत, एकाच रुग्णालयांत संगणक परस्परांना जोडून जें स्थानिक जाळें तयार करितात, त्यांत दोन ठिकाणांमध्यें दोन वाटा असल्या तर त्यांतील एक मुद्दाम बंद ठेवावी लागे. तार घातलेली, पैसे मोजलेले, यंत्रें सज्ज. आणि तरीहि त्या तारेवरून माहितीचा एक कण जावयाचा नाहीं, असा नियम. हा नियम कोणी केला, कां केला, आणि ती बंद वाट पुन्हां उघडण्यासाठीं काय काय करावें लागलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या जाळ्याचा जन्म अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत झाला. २२ मे १९७३ रोजीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं एक टिपण लिहून त्याला 'इथरनेट' हें नांव दिलें, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें तें प्रत्यक्षांत आणिलें. एक जाड तार इमारतीभर फिरवावयाची आणि सर्व संगणक तिलाच जोडावयाचे, अशी ती योजना होती. एकानें बोलावें, सर्वांनीं ऐकावें. ज्याच्या नांवानें निरोप असेल त्यानें तो घ्यावा, इतरांनीं सोडून द्यावा. दोघे एकाच वेळीं बोलले तर दोघांनींहि थांबावें, आणि थोड्या वेळानें पुन्हां प्रयत्न करावा. पहिल्या जाळ्याची गति सेकंदास २९ लक्ष ४० हजार बिट् एवढी होती. १९८० सालीं तीन कंपन्यांनीं मिळून जें प्रमाण ठरविलें त्यांत ती एक कोटीवर गेली.

या तारेला प्रतिस्पर्धीहि होते. आय. बी. एम. कंपनीनें १९८५ च्या सुमारास बाजारांत आणलेल्या पद्धतींत एक 'टोकन' जाळ्यांतून फिरत असे, आणि तें ज्याच्या हातीं येईल त्यानेंच बोलावयाचें. भारतांतील एकेरी रेल्वेमार्गावर गाडी सोडतांना चालकाच्या हातीं टोकनाचा गोळा देत असत. तो गोळा हातांत असल्याशिवाय पुढच्या स्थानकाकडे निघण्याची त्याला मुभा नसे. दोहोंमागील विचार एकच. पण शिस्तीच्या त्या पद्धतीपेक्षां इथरनेटची धसमुसळी पद्धति स्वस्त पडली, आणि स्वस्ताईच जिंकली.

एका तारेवर किती संगणक बसणार? जाळें वाढूं लागलें तसें दोन तारा एका यंत्रानें जोडण्याची आवश्यकता भासली. या यंत्राला प्रथम 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणत, पुढें त्याचेंच सुधारलेलें रूप 'स्विच' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. अमेरिकेंत रेल्वेच्या सांध्यालाहि स्विचच म्हणतात. आणि येथेंहि त्याचें काम सांधेवाल्याचेंच आहे. निरोपाचें जें एक पुडकें, ज्याला 'फ्रेम' म्हणतात, तें आलें कीं त्यावरील पत्ता पाहावयाचा आणि योग्य त्या तारेवर सोडावयाचें. कोणता संगणक कोणत्या बाजूस आहे हें स्विचला कोणी शिकवीत नाहीं. येणाऱ्या फ्रेमवर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो, तो पाहून तो आपला आपण शिकतो. पत्ता अपरिचित असेल, किंवा निरोप सर्वांसाठीं असेल, तर स्विच त्या फ्रेमच्या प्रती काढून ज्या तारेवरून ती आली ती सोडून बाकीच्या सर्व तारांवर धाडतो.

संकट आहे तें नेमकें येथें. जाळ्यांत कडें असलें, म्हणजे परभणीहून निघून नांदेड, सिकंदराबाद, बीदर, परळी करीत पुन्हां परभणीस येतां येईल अशी स्थिति असली, तर ती प्रत कड्यांतून फिरून पुन्हां पहिल्या स्विचकडे येते. तो तिला ओळखत नाहीं. नवी समजून पुन्हां प्रती काढतो. गाडीला चालक असतो, वेळापत्रक असतें, कोळसा किंवा तेल संपतें. इथरनेटच्या फ्रेमला यांपैकीं कांहीं नाहीं. ती किती वेळां फिरली याची नोंद तिच्यावर कोठेंहि होत नाहीं, म्हणून ती थकत नाहीं आणि मरतहि नाहीं. दोन-चार कडीं असलीं कीं प्रतींची संख्या क्षणाक्षणाला वाढत जाते, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सारें जाळें त्या निरर्थक भ्रमणानें भरून जातें. इंग्रजींत याला वादळाची उपमा दिली आहे. ती यथार्थ आहे.

डिजिटल इक्विपमेंट कंपनींत हा प्रश्न राडिया पर्लमन यांच्याकडे आला. त्यांनीं स्वतः सांगितलेली हकीकत अशी कीं, वरिष्ठांनीं काम सोंपविलें आणि ते सुटीवर निघून गेले. त्याच रात्रीं उपाय सुचला, पुढच्या एक-दोन दिवसांत तो लिहूनहि झाला, आणि उरलेल्या वेळांत त्यांनीं त्याच विषयावर एक छोटी कविता रचली. १९८५ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां ती कविता त्याच्या आरंभीं छापली गेली. शास्त्रीय निबंधाला कवितेचा असा मान क्वचितच लाभतो.

उपाय असा. प्रत्येक स्विचला एक क्रमांक असतो. सर्व स्विच ठराविक वेळानें एकमेकांस छोटे निरोप पाठवितात आणि ज्याचा क्रमांक सर्वांत लहान त्याला मूळ मानतात. मग प्रत्येक स्विच मुळाकडे जाणारी जवळची वाट कोणती तें ठरवितो. जी वाट या हिशेबांत बसत नाहीं, ती बंद. सर्व कडीं तुटतात, आणि जाळ्याचें रूप झाडासारखें होतें: एक खोड, त्याच्या फांद्या, आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत जाण्यास एकच वाट. एखादी फांदी मोडली तर स्विच पुन्हां वाटाघाटी करून बंद वाटांपैकीं योग्य ती उघडतात. कोणी माणसानें कांहीं करावयाचें नाहीं, आणि जाळें कितीहि वाढलें तरी एका स्विचला फार थोडें लक्षांत ठेवावें लागतें. १९९० सालीं ही रीति आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. आजहि साध्या जाळ्यांत तिचेंच सुधारलेलें रूप चालतें.

पर्लमन यांच्या या झाडाला नांवें ठेवणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. ज्या काळांत जाळीं लहान होतीं आणि तीं सांभाळणारीं माणसें त्याहून थोडीं होतीं, त्या काळांत सुरक्षितता ही पहिली गरज होती. मात्र तिची किंमत तीन प्रकारें मोजावी लागली. पहिली उघड आहे: दोन तारांपैकीं एक रिकामी राहिली. दुसरी अशी कीं, सर्व वाहतूक खोडाजवळ गोळा होऊं लागली. शेजारशेजारच्या दोन फांद्यांवरील संगणकांनाहि परस्परांशीं बोलण्यास खोडापर्यंत जाऊन परतावें लागे. त्यांतहि मौज अशी कीं, लहान क्रमांक बहुधा जुन्या यंत्राचा असे. म्हणून कोणी लक्ष घातलें नाहीं तर जाळ्यांतील सर्वांत जुना आणि मंद स्विच वडीलकीच्या हक्कानें मूळ होऊन बसे, आणि सर्वांना त्याच्या दारावरून जावें लागे. गांवच्या वतनदारीसारखाच हा कारभार. तिसरी किंमत वेळाची. वाट मोडल्यावर दुसरी उघडण्यास जुन्या प्रमाणाप्रमाणें तीस ते पन्नास सेकंद लागत.

या झाडालाहि मर्यादा होती, आणि ती ओलांडल्यावर काय होतें हें १३ नोव्हेंबर १९०२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १३ नोव्हेंबर २००२ रोजीं बोस्टन येथील बेथ इझ्रायल डीकोनेस या मोठ्या रुग्णालयांत दिसून आलें. जाळें वर्षानुवर्षें तुकडे जोडीत वाढलें होतें. मुळापासून सात टप्प्यांपर्यंत झाड विश्वासानें वाढवावें असा दंडक. तो केव्हां ओलांडला गेला हें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. एका संशोधकाच्या मोठ्या माहितीचा लोंढा जाळ्यांत आला, स्विचांचे परस्परांतील निरोप वेळेवर पोंचेनात, बंद ठेवावयाच्या वाटा उघडल्या आणि वादळ सुरू झालें. सुमारें चार दिवस त्या रुग्णालयाला औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे निकाल कागदावर लिहून माणसांकरवीं पोंचवावे लागले. ज्या तरुण डॉक्टरांनीं कागदावरचा कारभार कधीं पाहिलाच नव्हता, त्यांना वृद्ध सहकाऱ्यांकडून तो शिकावा लागला. जाळ्यांतील वाहतुकीची वांटणी हा केवळ यंत्रवाल्यांच्या सोयीचा प्रश्न नव्हे, हें त्या चार दिवसांत स्पष्ट झालें.

रिकाम्या तारेचा उपयोग करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न याच्या बराच आधीं झाला होता, आणि त्यांत एका भारतीय नांवाचा संबंध आहे. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या अभियंत्यानें कॅलिफोर्नियांत एक कंपनी काढली आणि तिला आपल्या पत्नीचें नांव दिलें: 'कल्पना'. १९९० सालीं कल्पना कंपनीनें सात तारांचा पहिला इथरनेट स्विच बाजारांत आणिला. त्याच कंपनीनें पुढें अशी युक्ति काढली कीं, दोन स्विचांमध्यें दोन, चार किंवा अधिक तारा घालावयाच्या आणि त्या सर्वांची मोळी बांधून झाडाला ती एकच तार आहे असें भासवावयाचें. एकच तार, म्हणजे कडें नाहीं. कडें नाहीं, म्हणजे बंद करण्याचें कारण नाहीं. १९९४ सालीं सिस्को कंपनीनें कल्पना विकत घेतली. सन २००० मध्यें मोळी बांधण्याची ही पद्धति सर्व कंपन्यांसाठीं प्रमाण ठरली.

मोळी बांधली, पण कोणती फ्रेम कोणत्या तारेवर घालावयाची? पहिली या तारेवर, दुसरी त्या तारेवर, अशी आळीपाळीनें वांटणी करणें कोणालाहि प्रथम सुचेल, आणि नेमकें तेंच करितां येत नाहीं. मानवत किंवा सेलूच्या बाजारांत कापूस घेऊन निघालेल्या बैलगाड्यांचें उदाहरण घ्यावें. एका शेतकऱ्याच्या दहा गाड्या दोन वाटांनीं आळीपाळीनें धाडल्या, तर एका वाटेवर चिखल असल्यास सातवी गाडी पांचवीच्या आधीं पोंचेल. कापसाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. दहाहि गाड्या आल्या म्हणजे झालें. परंतु संगणकाचा निरोप कापसासारखा नसून लांब पत्रासारखा असतो, आणि त्याचीं पानें अनुक्रमानें लागतात. घेणाऱ्या संगणकाला पांचव्या पानाच्या जागीं सहावें, सातवें, आठवें मिळूं लागलें, तर पांचवें हरवलें अशी त्याची समजूत होते. तो पाठविणाऱ्याला तसें कळवितो. पाठविणारा वाटेंत दाटी झाली असें मानून आपली गति निम्म्यावर आणितो. म्हणजे वाहतूक जलद व्हावी म्हणून केलेली वांटणीच ती मंद करिते.

म्हणून नियम असा झाला कीं, एका संभाषणाच्या सर्व फ्रेम एकाच तारेवरून जाव्यात. पाठविणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून स्विच एक लहानसा हिशेब करितो, आणि त्याचें उत्तर येईल ती तार त्या संभाषणाला नेमून देतो. एका शेतकऱ्याच्या साऱ्या गाड्या एकाच वाटेनें. पण कोणता शेतकरी कोणत्या वाटेनें हें त्याच्या नांवाच्या अक्षरांवरून ठरवावें, तसा हा प्रकार. शेकडों लहान शेतकरी असले तर दोन्ही वाटांवर सारखी गर्दी होते. पण दोनच मोठे जमीनदार असले, तर दोघेहि एकाच वाटेवर येण्याचा संभव निम्मा आहे. तारा चार आणि मोठीं संभाषणें चार असलीं, तर चौघांना चार वेगळ्या तारा मिळण्याचा योग शंभरांत नऊ वेळांहून किंचित् अधिक, इतकाच येतो. उरलेल्या नव्वद वेळां एखादी तार रिकामी आणि एखादीवर दुप्पट-तिप्पट भार. चार तारांचे पैसे देऊन चौपट काम मिळालें नाहीं म्हणून जो चालक बुचकळ्यांत पडतो, त्याच्या शंकेचें उत्तर या साध्या गणितांत आहे.

मोळीची दुसरी मर्यादा ही कीं, तिचें एक टोंक एकाच स्विचवर असावें लागे. नांदेडची वाट आणि बीदरची वाट यांची मोळी बांधतां येत नाहीं. त्यासाठीं कांहीं दिवस निराळी तडजोड चालली. एकाच जाळ्याचे कागदोपत्रीं अनेक भाग पाडावयाचे, आणि प्रत्येक भागाला वेगळें झाड द्यावयाचें. हिशेबनिसांचें खोड या स्विचवर, प्रयोगशाळेचें त्या स्विचवर. एकाला बंद असलेली वाट दुसऱ्याला उघडी. २००२ च्या सुमारास यालाहि प्रमाणाचें रूप मिळालें. पण भार कोणत्या भागावर किती पडेल याचा अंदाज माणसानें आधीं बांधावयाचा, आणि तो बहुधा चुकावयाचा.

मूळ दोष झाडांत नव्हता. फ्रेमला आपलें वय माहीत नसणें, हा तो दोष. हें पर्लमन यांनींच पुढें स्पष्ट केलें. २००४ सालीं त्यांनीं अशी योजना मांडली कीं, स्विचनें फ्रेमवर एक नवें वेष्टण चढवावें, त्यावर टप्प्यांचा आंकडा घालावा, आणि प्रत्येक स्विचनें तो एकानें कमी करावा. आंकडा शून्यावर आला कीं फ्रेम फेकून द्यावयाची. मग कड्याचें भय राहिलें नाहीं. प्रत्येक स्विच साऱ्या जाळ्याचा नकाशा जवळ ठेवूं शकतो, आणि सारख्या अंतराच्या सर्व वाटा एकाच वेळीं वापरूं शकतो. या योजनेचें प्रमाण २०११ सालीं प्रसिद्ध झालें. तशीच दुसरी एक योजना २०१२ सालीं आली. ज्या बाईंनीं वाट बंद करण्याचा नियम केला, त्यांनींच ती उघडण्याची किल्लीहि घडविली, ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासांत विरळ आहे.

मात्र तोंपर्यंत मोठ्या जाळ्यांचा कल निराळ्या बाजूस वळला होता. हजारों संगणक एका छपराखालीं ठेवणाऱ्या माहितीच्या कोठारांनीं टेलिफोनच्या जुन्या विद्येचा आधार घेतला. बेल कंपनीच्या चार्ल्स क्लॉस यांनीं १९५३ सालीं असें दाखविलें होतें कीं, लहान लहान स्विचांचे थर रचून, खालच्या थरांतील प्रत्येक स्विच वरच्या थरांतील सर्वांशीं जोडला, तर एका प्रचंड आणि महाग स्विचचें काम साधतें. २००८ च्या सुमारास ही रचना संगणकांच्या जाळ्यांत रूढ होऊं लागली. येथें वाटा दोन-चार नव्हेत, डझनावारी. म्हणून जमीनदारांचा प्रश्नहि तितकाच तीव्र. त्यावरचा एक उपाय फार साध्या निरीक्षणांतून निघाला. श्रीकांत कंदुला, शंतनु सिन्हा आणि दीना कताबी यांनीं दाखविलें कीं, संभाषण अखंड चालत नाहीं. मध्यें मध्यें तें दम घेतें. तो खंड दोन वाटांमधील वेळेच्या फरकाहून मोठा असला, तर पुढच्या फ्रेम दुसऱ्या वाटेनें धाडल्या तरी अनुक्रम बिघडत नाहीं. जमीनदाराच्या दहा गाड्यांपैकीं पहिल्या चार बाजारांत पोंचून रिकाम्या झाल्यावर उरलेल्या सहा दुसऱ्या वाटेनें गेल्या, तर कोणाची तक्रार? २०१४ सालीं याच तत्त्वावर आधारलेल्या एका प्रसिद्ध रचनेंत स्विच वाटेवरील खरी दाटी मोजून निर्णय घेऊं लागला. तिच्या कर्त्यांत जॉर्ज वर्गीस यांचें नांव आहे. १९८१ सालीं मुंबईच्या आय. आय. टी. मधून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि जेथें पर्लमन यांचें झाड जन्मलें त्या डिजिटल कंपनींतच त्यांनीं या विषयाचे पहिले धडे गिरविले होते.

परभणीसारख्या जिल्ह्याला या सर्वांचा उपयोग किती, असा प्रश्न सहज पडेल. एखाद्या कृषि महाविद्यालयाच्या दूर दूर पसरलेल्या इमारती दोन स्विचांनीं आणि दोन तारांनीं जोडल्या, तर पहिल्या दिवशीं एका तारेचा दिवा हिरवा आणि दुसरीचा नारिंगी दिसेल. तें पर्लमन यांचें झाड. चालकानें चार ओळींची आज्ञा देऊन मोळी बांधली कीं दोन्ही दिवे हिरवे होतील. पण आवाराच्या बाहेर जाणारी तार एकच असली, तर आंतील कोणतीहि वांटणी तिच्यावरचा भार हलका करूं शकत नाहीं. वांटणीला निदान दोन वाटा लागतात.

आणि दुसऱ्या वाटेचाच येथें फार दिवस अभाव होता. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूनें जोडण्याची जी योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली आणि जी पुढें भारतनेट या नांवानें चालली, तिची पहिली आखणी बहुतेक सरळ रेषेची होती: तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेला तंतु एका गांवाहून पुढच्या गांवाला. वाटेंत रस्त्याच्या खोदाईंत तो तुटला कीं पलीकडचीं गांवें अंधारांत. ऑगस्ट २०२३ मध्यें मंत्रिमंडळानें जी सुधारित योजना मंजूर केली तींत रेषेच्या जागीं कडें आखलें आहे, म्हणजे पालम किंवा सोनपेठ तालुक्यांतील गांवालाहि दोन बाजूंनीं वाट मिळावी. रेल्वेची कथा याहून फार निराळी नाहीं. परभणीपासून नांदेडवरून मुदखेडपर्यंतचा ८१ किलोमीटरचा रूळ शंभराहून अधिक वर्षें एकेरी होता. समोरची गाडी येईपर्यंत दुसरीनें आडबाजूच्या रुळावर थांबावयाचें, हा तेथील रोजचा क्रम होता. तेथें दुसरा रूळ पूर्ण झाला तो २०२० सालीं. गंगाखेडवरून परळीस जाणारा रूळ मात्र त्या वर्षींहि एकेरीच होता.